काळी दोन आणि पाचवी तार

व्हऱ्हाडातल्या कारंजा लाडमध्ये कुणी 'बेंजो' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विसर्जनाची मिरवणूक उभी राहते. गाडीवर जनरेटर आणि कर्णे, पुढे ढोल-ताशा, मधोमध एका आडव्या पेटीवर त्या वर्षीचं गाजलेलं गाणं वाजवणारा पोरगा. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरला असतात तशा बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. अमेरिकेतल्या केंटकीत किंवा व्हर्जिनियात हाच शब्द उच्चारला तर लोकांना आठवतं ते वेगळंच वाद्य. आपल्या खंजिरीला लांब दांडी लावून वर पाच तारा ताणल्या तर जे होईल, साधारण तसं.

नाव एक, पण कूळ वेगळं. आपला बेंजो मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य तयार केलं. संगीत न शिकलेल्या माणसालाही बटणं दाबून सूर काढता यावेत, अशी त्याची रचना. पुढे ते भारतात आलं, त्याला 'बुलबुलतरंग' हे गोड नाव मिळालं, मग कुणीतरी त्याला वीज जोडली आणि गल्लोगल्लीच्या बँजो पार्ट्या उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला. त्यातला बँजो हाच. अमेरिकेतला बँजो मात्र आफ्रिकेतून आलेला. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आठवणीवर भरवसा ठेवून भोपळ्यावर चामडं ताणलं, त्याला दांडी जोडली आणि आपल्या मुलखातलं वाद्य परक्या मुलखात पुन्हा घडवलं. पुढे गोऱ्यांनी ते उचललं, भोपळ्याच्या जागी लाकडी कडं आलं आणि पाहता पाहता ते डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

त्या बँजोच्या जोरावर उभं राहिलेलं संगीत म्हणजे ब्लूग्रास. बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिन), मॅन्डोलिन, गिटार आणि माणसाहून उंच असा बास, एवढा त्याचा संसार. विजेचं वाद्य सहसा नाही. गाणी वेगवान, गळे उंच पट्टीतले. तिकडच्या लहान गावांत दिवसभर दुकान, शेत, शाळा, गॅरेज सांभाळणारी माणसं संध्याकाळी एखाद्या कॅफेत किंवा किराणा दुकानात खुर्च्या गोल मांडून ते वाजवतात. कारंज्यात ब्लूग्रास कुणी वाजवत नाही. पण दिवसभर सोयाबीन-कपाशीच्या भावाची चिंता करून रात्री टाळ हातात घेणारी माणसं इथे वेशीवेशीला आहेत, आणि ती कशी वाजवतात हे पाहिलं की केंटकी फार लांब वाटत नाही.

ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो १९११ मध्ये केंटकीतल्या रोझीन या खेड्याजवळ जन्मले. आठ भावंडांतलं शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच पटकावलेले, म्हणून याच्या वाट्याला मॅन्डोलिन आलं. आईवडील लवकर गेले आणि पोरगा मामाच्या आसऱ्याला राहिला. मामा पेंडल्टन व्हॅन्डिव्हर गावच्या नाचगाण्यांत फिडल वाजवायचा. भाचा त्याला साथ करू लागला. अर्नॉल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक त्याच भागात कोळशाच्या खाणीत राबायचा आणि फिडल-गिटारही वाजवायचा. त्याचा हात मन्रोंच्या वाजवण्यात कायमचा उतरला. पुढे मन्रोंनी इंडियानातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवण्याचं काम केलं. १९३९ मध्ये ते नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात पोचले तेव्हा त्यांच्या बँडचं नाव होतं 'ब्लू ग्रास बॉइज'. केंटकीच्या कुरणांवरून त्या राज्याला ब्लूग्रास म्हणतात; राज्यावरून बँडला नाव पडलं आणि १९५० च्या दशकात बँडवरून संगीताला. १९४५ च्या डिसेंबरात या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा तरुण आला. युद्धाच्या काळात तो सूतगिरणीत कामाला होता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तीन बोटांनी तो बँजोवर असा काही सुरांचा पाऊस पाडायचा की आज जगात ब्लूग्रास बँजो म्हणतात तो मुख्यतः त्याच्याच बोटांचा.

मन्रोंच्या दोन वर्षं आधी, ३० एप्रिल १९०९ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा जन्मला. शिंप्याचं गरीब घर, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला 'तुकड्या' म्हटलं आणि तेच नाव पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून देशभर गेलं. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं, त्यांची 'ग्रामगीता' घरोघर गेली, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात कमी येतं ते त्यांच्या हातातलं वाद्य. विदर्भातल्या चौकाचौकांत तुकडोजींचा पुतळा असतो आणि बहुतेक पुतळ्यांच्या हाती पुस्तक नसून खंजिरी असते.

खंजिरी म्हणजे वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूने चामडं ताणलेलं, कड्याला खाचा पाडून त्यांत बसवलेल्या पितळी चकत्या. डाव्या हाताने ती धरायची आणि त्याच हाताच्या बोटांनी चामड्यावर कमी-अधिक दाब द्यायचा म्हणजे नाद वर-खाली होतो. उजव्या हाताची बोटं ठेका वाजवतात. कडं हलवलं की चकत्यांचा छन्न आवाज. एका हातात मावणाऱ्या या वाद्यात ताल आणि झांज दोन्ही आहेत, ते पिशवीत बसतं, खेडोपाडी पायी जाणाऱ्या माणसाला ओझं होत नाही. तबल्याला बैठक हवी, पखवाजाला जागा हवी. खंजिरीला उभं राहायला दोन पाय पुरतात. गावोगाव फिरून हजारोंच्या सभेत बोलणाऱ्या माणसाने नेमकं हेच वाद्य का उचललं, याचं उत्तर तिच्या वजनातच आहे.

चामड्याचं दुखणं मात्र दोन्ही खंडांत एकच. श्रावणात हवा ओली झाली की खंजिरी आणि डफ ढिले पडतात, मग कुणीतरी त्यांना शेकोटीवर नाहीतर जळत्या कागदावर धरून तापवतो. अमेरिकेतले बँजोवालेही पावसाळी दिवशी चामड्याच्या नावाने बोटं मोडत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ढोलांसाठी प्लास्टिकचे पडदे निघाले, ते बँजोवर चढले आणि तिकडची कटकट संपली. आता आपल्याकडेही प्लास्टिकच्या पडद्याच्या खंजिऱ्या मिळतात. त्यांचा आवाज जरा कोरडा येतो असं जुने वादक म्हणतात, आणि पावसाळ्यात त्याच वापरतात.

कारंजा हे खंजिरीच्या भजनांना मानवणारं गाव आहे. दत्तसंप्रदायाच्या दृष्टीने हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुचरित्रातलं करंजनगर. गुरुमंदिरात दर गुरुवारी गर्दी होते. गावाला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशी. आत जैनांची जुनी मंदिरं आणि त्यांचे ग्रंथभांडार. बाहेर कापसाची बाजारपेठ. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची 'शकुंतला' नावाची छोट्या रुळांची गाडी कारंज्यावरून जायची, तीही मुळात कापूस वाहायलाच घातलेली. तिचं १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. ज्या सूतगिरण्यांच्या जगाने व्हऱ्हाडाला कापूस पिकवायला लावला, त्याच जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरोलिनातल्या एका गिरणीत, स्क्रग्ज उभा होता.

आता भजनाच्या बैठकीत बसू. सभामंडपात सतरंजी अंथरलेली. मधे पेटी, तिच्या उजव्या हाताला तबला किंवा ढोलक, समोरासमोर टाळकरी, खंजिरीवाला पेटीच्या जवळ. सगळे एकमेकांकडे तोंड करून. श्रोते आहेत, पण ते कडेला भिंतीला टेकून. गाणं त्यांच्याकडे पाहून गायलं जात नाही. पहिला प्रश्न असतो पट्टीचा. पेटीवाला विचारतो, "काळी एक की काळी दोन?" पुढच्या माणसाचा गळा बसला असेल तर मागून कुणीतरी म्हणतो, "उतरव ना भाऊ, बुवाले जमून नाही राह्यलं." पेटी एक पट्टी खाली येते. बुवा चालीचं ध्रुपद एकदा म्हणून दाखवतात, बाकीचे ते उचलतात. मग कडवं एकाचं आणि ध्रुपद सगळ्यांचं. दोन-तीन कडव्यांनंतर लय वाढते, तबल्यावर लग्गी लागते, खंजिरीवाला इतका वेळ दाबून धरलेला हात मोकळा सोडतो, टाळकरी गुडघ्यांवर येतात. शेवटी तिहाई आणि जयघोष.

ब्लूग्रासच्या बैठकीचे अलिखित नियम ऐकले तर भजनी मंडळातला माणूस मान डोलावेल. खुर्च्या गोल. ज्याचं गाणं त्याने आधी पट्टी सांगायची. बहुतेक गाणी तीनच स्वरसमूहांवर बेतलेली, आपल्या भाषेत सा, म आणि प यांच्यावर उभे. त्यामुळे गाणं आधी ऐकलेलं नसलं तरी नवखा साथ धरू शकतो. ध्रुपद सगळ्यांनी गायचं. कडव्यांच्या मधे एकेका वाद्याला पुढे यायची संधी, बाकीच्यांनी आवाज खाली घ्यायचा. गाणं संपवायची वेळ आली की म्होरक्या बसल्या जागी एक पाय वर उचलतो. आपल्याकडे त्या जागी बुवांचा हात वर जातो.

ही रचना हौशी माणसाला पोटात घेण्यासाठीच झिजून झिजून तयार झालेली आहे. ख्यालगायनात पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला तंबोऱ्यामागे बसवतात आणि तो तिथेच काही वर्षं काढतो. भजनात पहिल्याच दिवशी हातात टाळ येतो. टाळ जमला की ध्रुपद, मग एखादं कडवं, मग कधीतरी बुवा आजारी पडतात आणि सगळी बैठक अंगावर येते. चूक झाली तर पंधरा जणांच्या आवाजात ती बुडून जाते. बरोबर आलं तर मात्र शेजारच्याला लगेच कळतं. मुंबईच्या लोकलमध्ये डब्याच्या कोपऱ्यात टाळ वाजवत रोज तासभर गाणारी कारकुनांची मंडळं याच जिन्याने चढलेली आहेत. कोकणात याच भजनाची डबलबारी होते, दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना सवाल टाकतात. तिथे जिना जरा निसरडा होतो.

पेटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिची गोष्ट बँजोसारखीच आहे. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी १८४२ मध्ये घेतलं. पायाने भाता मारायचं ते वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता दिला, म्हणजे ते जमिनीवर आलं, आणि जमिनीवर आलं म्हणजे भारताचं झालं. जाणकारांना ते खपत नव्हतं, कारण त्यावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती पुढे तीस वर्षं टिकली. दिल्लीत पेटी बेसूर ठरली म्हणून व्हऱ्हाडातल्या मंडळांनी ती गुंडाळून ठेवली नाही. अमेरिकेत उलटं झालं. मन्रोंच्या बँडमध्ये १९४० च्या दशकात सॅली ॲन फॉरेस्टर नावाची बाई अकॉर्डियन वाजवायची. अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच, आत तशाच धातूच्या पट्ट्या थरथरतात. ती गेली आणि ब्लूग्रासमधून अकॉर्डियनही गेलं. तिकडे सुराची पेटी बाहेर पडली, इकडे तिच्याशिवाय भजनाला तोंड लागत नाही.

सुराचं काम मग तिकडे कोण करतं? बँजोची पाचवी तार. ही तार बाकीच्या चारांपेक्षा आखूड असते, दांडीच्या मधेच एका खुंटीला बांधलेली, आणि अंगठ्याने ती सारखी छेडली जाते. नेहमीच्या जुळवणीत ती पांढरी पाच बोलते. बोटं खाली काहीही करोत, वर तो एकच स्वर टिपटिप पडत राहतो. तुणतुण्याच्या तारेचं काम यापेक्षा वेगळं काय? आणि त्यावरचा गळा पोवाड्यासारखा उंच. मन्रोंना पांढरी सात, काळी पाच असल्या पट्ट्या आवडत. आपल्याकडे बायकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यांत पुरुष गळा ताणून गाऊ लागला की आवाजात एक एकटेपणाची धार येते. ब्लूग्रासचे रसिक त्या धारेवरच जीव टाकतात.

कॅफेचा मुद्दा राहिला. व्हर्जिनियातलं फ्लॉइड हे पाचशेच्या आतल्या वस्तीचं गाव. तिथे एक जुनं किराणा दुकान आहे. १९८० च्या दशकात दुकानाचा मालक आपल्या बँडबरोबर शुक्रवारी संध्याकाळी दुकानात तालमी करायचा. बाहेरून जाणारे लोक दार ठोठावून आत येऊ लागले, खुर्च्या वाढल्या, आणि 'फ्रायडे नाइट जॅम्बोरी' सुरू झाली. तिथला एक नेम लक्षात ठेवण्याजोगा आहे : शुक्रवारचा पहिला तास गॉस्पेलचा, म्हणजे देवाच्या गाण्यांचा. नाच त्यानंतर. मन्रोंपासून जवळपास प्रत्येक ब्लूग्रास बँडने भक्तिगीतं गायली आहेत. ज्यांना भजन आणि मनोरंजन हे दोन वेगळे कप्पे वाटतात, त्यांनी एकदा फ्लॉइडला आणि एकदा अखंड हरिनाम सप्ताहाच्या काल्याला जाऊन यावं.

कारंज्यात चहाची हॉटेलं कमी नाहीत. कढईत आलूबोंडे, पोह्यांवर तर्री, भिंतीला टीव्ही. पण तिथे मंडळ कधी बसत नाही. एक तर गिऱ्हाईक उठलं पाहिजे, तेव्हाच दुसरं बसणार. टाळ घेऊन तीन तास बसणारे पंधरा जण कुठल्याही हॉटेलवाल्याला परवडायचे नाहीत. दुसरं म्हणजे पार, ओटा आणि सभामंडप या जागा गावाने आधीच करून ठेवलेल्या आहेत, त्यांना भाडं नाही आणि बंद व्हायची वेळ नाही. त्यामुळे फ्लॉइडमध्ये गाणारे दुकानात जातात आणि कारंज्यात हॉटेलातला पोरगा किटली घेऊन गाण्याकडे येतो. चहाचे पैसे त्या दिवशी ज्याच्या घरी काही शुभ घडलं असेल तो देतो.

बसायला जागाही न लागणारं गाणं बघायचं असेल तर शेजारच्या मानोरा तालुक्यात जावं. तिथलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे नंगारा आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. आसपासच्या तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी गातात. डफाच्या तालावर माणसं घोळक्याने गोल धरतात, एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. कुणी कुणाला शिकवायला बसलेलं नसतं. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत व्हऱ्हाडात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तीही अशीच गोलात.

गेल्या काही वर्षांत गोल बदलला तो बायकांनी. महिला भजनी मंडळं गावोगाव झाली आहेत, एका रंगाच्या साड्या, स्वतःची पेटी, पट्टी काळी चार. कित्येक ठिकाणी हरिपाठाला पुरुषांपेक्षा त्यांचीच हजेरी जास्त. खंजिरी भजनांच्या स्पर्धांतही त्यांची वेगळी फळी असते. अमेरिकेत हेझल डिकन्स आणि ॲलिस जेरार्ड यांची ब्लूग्रासची पहिली तबकडी १९६५ मध्ये निघाली तेव्हा बायकांनी गटाच्या पुढे उभं राहणं हीच बातमी होती.

तक्रार करण्यासारखी गोष्ट एकच आहे, तिचं नाव 'इको'. पूर्वीचे ब्लूग्रास बँड एकाच माइकभोवती उभे राहत. ज्याचं कडवं तो पुढे सरकायचा, मग मागे. आवाजाचा समतोल पायांनी साधायचा. भजनातही एकच माइक बुवांपुढे असायचा आणि टाळकऱ्यांना एकमेकांना ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता पेटीला माइक, तबल्याला दोन, खंजिरीला एक, आणि सगळ्यांवर चढवलेला इको. बोळाच्या टोकाला बसलेल्याला शब्द दोनदा ऐकू येतात आणि एकदाही कळत नाहीत. बेंजो पार्टीचा आवाज मंडपात शिरला, असं म्हटलं तरी चालेल.

या सगळ्या गोष्टीत जपान तीन वेळा येतो. एकदा आपल्याला बेंजो देताना. दुसऱ्यांदा १९५५ मध्ये, जेव्हा तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. आणि तिसऱ्यांदा, महायुद्धानंतर अमेरिकी फौजांच्या रेडिओवर मन्रो-स्क्रग्ज ऐकून वेडावलेल्या जपानी विद्यार्थ्यांमुळे. त्यांच्या पिढीने १९७२ मध्ये कोबेजवळ ताकाराझुकाचा ब्लूग्रास महोत्सव सुरू केला, तो जगातल्या जुन्या ब्लूग्रास महोत्सवांत गणला जातो. ताइशोगोतोच्या देशात आता पाच तारांचा बँजो घट्ट बसला आहे.

कारंज्यात बैठक संपता संपता नवा मुलगा येऊन बसतो. त्याला टाळ मिळतो, पण दोरी लांब असते. शेजारचे आजोबा तिला गाठ मारून ती त्याच्या बोटांना येईल इतकी आखूड करतात. भजन सुरू होतं आणि पोराचा ठोका मागे पडतो. कुणी काही बोलत नाही. आजोबा गात गातच आपले टाळ छातीपर्यंत वर उचलतात, त्याला ते दिसावेत म्हणून.